‘कांजिण्या लहानपणीच होऊन गेलेल्या बऱ्या’: या सल्ल्यात काय चुकतं

थंडी ओसरू लागली की पुण्यातल्या बालवाड्यांमधून आणि पाळणाघरांमधून कांजिण्यांच्या बातम्या येतात, आणि पाठोपाठ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. कांजिण्या हा किरकोळ आजार आहे, लहानपणी होऊन गेला की जन्माची चिंता मिटते. लस सरकारी यादीत नाही, म्हणजे तिची गरज नाही. लस टोचूनही कांजिण्या होतातच. लसीमुळे पुढे नागीण होते. तेव्हा दवाखान्यात पैसे घालण्यापेक्षा ज्या घरी कांजिण्या आल्यात तिथे मूल खेळायला पाठवा.

यातल्या बहुतेक मुद्द्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे आणि पालक अडकतात ते त्या अंशामुळेच. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देत आहोत.

‘किरकोळ आजार आहे’

निरोगी मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हे खरं आहे. ताप, अंगभर अडीचशे ते पाचशे फोड, चार-पाच रात्री खाजेने झोप नाही, मग खपल्या धरतात आणि मूल उठून खेळू लागतं. प्रश्न उरलेल्या मुलांचा आहे, आणि आपलं मूल कोणत्या गटात जाणार हे आधी सांगता येत नाही. खाजवलेल्या फोडातून स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस जिवाणू आत शिरतात. त्वचेला पू होतो, क्वचित ते रक्तात पोहोचतात. साधारण चार हजार मुलांत एकाच्या लहान मेंदूला सूज येते आणि मूल चालताना झोकांड्या खातं. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर क्वचित होतात, पण होतात. अमेरिकेत १९९५ मध्ये लस येण्याआधी दर वर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, १०,५०० ते १३,००० जणांना रुग्णालयात ठेवावं लागे आणि शंभर ते दीडशे जण दगावत. रुग्णालयात गेलेल्यांपैकी बहुतेकांना आधीचा कोणताही आजार नव्हता.

लस घ्यायची की नाही हे ठरलेलं नसतानाच घरात कांजिण्या आल्या तर काय करायचं, तेही इथेच सांगतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावं, एका वेळी मुलाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. अॅस्पिरिन अजिबात नको, त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळावं, कारण त्याचा संबंध स्ट्रेप्टोकोकसच्या खोल संसर्गाशी आढळला आहे. नखं बारीक कापावीत. ‘आंघोळ घालू नये’ ही जुनी समजूत सोडून रोज कोमट पाण्याने आंघोळ घालावी, फक्त अंग घासू नये. दाराला किंवा उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवल्याने काही बिघडत नाही, पण तोच पाला अंगावर चोळला की फोड फुटतात. ताप चौथ्या दिवसानंतरही टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज आली, श्वास भरभर चालला, उलट्या थांबेनात, तोल जाऊ लागला किंवा मूल नेहमीपेक्षा जास्त गुंगीत राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

‘लहानपणी होऊन गेल्या की सुटलो’

या मजकुरातला सर्वांत घातक भाग हाच, कारण तो सगळ्यांत जास्त पटतो. लस न देता मुलाला लहानपणीच कांजिण्या होतील याची हमी कोणी दिली आहे? थंड देशांत लस येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येकाला शाळेच्या पहिल्या वर्षांतच हा आजार होऊन जात असे. उष्ण कटिबंधातल्या देशांत तसं होत नाही. आपल्याकडे बरेच जण पंधरा-वीस वर्षांचे होईपर्यंत यातून सुटतात आणि मग कॉलेजच्या होस्टेलवर किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षात सापडतात. पुण्यात बाहेरगावाहून शिकायला आणि नोकरीला येणारी मुलं-मुली दाटीवाटीने खोल्या करून राहतात. त्यांच्यासाठी या वयातल्या कांजिण्या म्हणजे दोन-तीन आठवडे अंथरूण आणि न्यूमोनियाची खरी भीती. अमेरिकेच्या जुन्या नोंदींत १ ते १४ वयोगटात लाख रुग्णांमागे साधारण एक मृत्यू आहे, ३० ते ४९ वयोगटात २५.

दुसरं घर डोळ्यांसमोर आणा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, घरात भावाची बालवाडीतली मुलं आहेत, डोहाळजेवणाला आणखी दहा मुलं जमली आहेत. कांजिण्यांचा रुग्ण अंगावर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवतो, त्यामुळे ‘फोड दिसले की मुलाला वेगळं ठेवू’ ही योजना उशिराची ठरते. घरातल्या ज्याला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा दहापैकी नऊ जणांना त्या होतात. गरोदर बाईला न्यूमोनिया झाला तर तो गंभीर होऊ शकतो. पहिल्या वीस आठवड्यांत संसर्ग झाला तर दोन टक्क्यांपर्यंत बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं: हातपाय खुरटलेले, त्वचेवर व्रण, डोळ्यांत आणि मेंदूत दोष. आईच्या अंगावर फोड बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आले, तर बाळाला आईकडून प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी रक्तातली द्रव्यं) मिळायला वेळच मिळत नाही. अशा नवजात बाळांमध्ये उपचारांविना मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे. ‘किरकोळ आजार’ असं म्हणताना माणूस फक्त चार वर्षांच्या मुलाचा विचार करत असतो.

या मजकुराचे समर्थक इथे जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देतात. संघटनेने असं म्हटलं आहे हे खरं, की एखाद्या देशात थोड्याच मुलांना लस दिली तर विषाणूचं फिरणं कमी होतं आणि लस न घेतलेल्यांना आजार मोठ्या वयात होऊ शकतो, म्हणून ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलांपर्यंत पोहोचता येणार असेल तरच राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस घ्यावी. हा सल्ला सरकारांसाठी आहे. एका पालकासाठी त्यातून नेमका उलट निष्कर्ष निघतो. आजूबाजूची काही मुलं लस घेत असतील, तर न घेतलेल्या मुलाला आजार उशिरा, म्हणजे जास्त जोराने होण्याची शक्यता वाढते. भारतात आज हीच परिस्थिती आहे.

‘सरकारी यादीत नाही’

नाही, हे खरं. महापालिकेच्या दवाखान्यांत गोवर-रुबेला, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल या लशी मोफत मिळतात, कांजिण्यांची मिळत नाही. कोट्यवधी मुलांचा कार्यक्रम आखताना सरकार आधी त्या आजारांकडे बघतं ज्यांनी सर्वांत जास्त मुलं दगावतात, आणि ते योग्यच आहे. पण यादीत नसणं म्हणजे लस निरुपयोगी ठरणं नव्हे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकात ही लस आहे. पैशांची ओढाताण असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी मोफत लशींपैकी एकही चुकवू नका, मग कांजिण्यांच्या लशीचा विचार करा.

खर्च मोजायचा असेल तर दोन्ही बाजूंनी मोजा. खासगी दवाखान्यात दोन डोसांना मिळून साधारण चार-पाच हजार रुपये लागतात. लस नसेल तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मूल घरी, म्हणजे आई किंवा वडील घरी. घरात दुसरं मूल असेल तर त्याची पाळी दोन आठवड्यांनी येते, कारण संसर्गापासून फोड दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. दोन मुलांच्या घरात हे प्रकरण महिनाभर चालतं.

‘लस टोचूनही होतातच’

एका डोसनंतर पाचपैकी साधारण एका मुलाला पुढे कधीतरी कांजिण्या होऊ शकतात. गंभीर आजारापासून मात्र एक डोसही जवळपास पूर्ण संरक्षण देतो. दोन डोसांनंतर संरक्षण नव्वद टक्क्यांच्या वर जातं. लस घेऊनही ज्यांना होतात त्यांच्या अंगावर बहुधा पन्नासपेक्षा कमी फोड येतात आणि ताप कमी असतो. अमेरिकेनेही एका डोसवर शाळांमधल्या साथी थांबत नाहीत हे पाहूनच २००६ मध्ये दुसरा डोस सुरू केला.

लस ‘लागली नाही’ अशा तक्रारींत बहुतेक वेळा या गोष्टी चुकलेल्या असतात.

दुसरा डोस राहून जातो. पहिला १५ महिन्यांना, दुसरा त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी. जुन्या कार्डांवर दुसरा डोस ४ ते ६ वर्षांना छापलेला आहे आणि तोवर कार्ड कुठल्या कपाटात गेलं हे कोणाला आठवत नाही. कार्ड जुनं असेल तर मुलाची वर्षं मोजत बसू नका, तीन महिने उलटून गेले असतील तर दुसरा डोस घेऊन टाका. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. १३ वर्षांपुढच्या मुलांना दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर पुरतं.

एमएमआरशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीशी, अंतर चुकतं. दोन्ही जिवंत लशी आहेत. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचल्या तर चालतात. तो दिवस चुकला तर मध्ये पूर्ण २८ दिवस जायला हवेत. आधीच्या लशीच्या प्रतिसादात नंतरची दबते, म्हणून २८ दिवस व्हायच्या आतच टोचली असेल तर नंतरची लस धरली जात नाही, पुन्हा द्यावी लागते. एमएमआर आणि कांजिण्या असे चारही घटक एकत्र असलेल्या लशीने पहिल्या डोसनंतर तापातल्या झटक्यांचं प्रमाण किंचित वाढतं, त्यामुळे ज्या मुलाला किंवा त्याच्या भावंडाला असे झटके आले आहेत त्याला पहिला डोस सुटाच द्यावा.

थंडावा तुटतो. लस कोरड्या भुकटीच्या रूपात, २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवावी लागते. द्रावण मिसळल्यावर ती लगेच टोचायची. औषधाच्या दुकानातून घेऊन एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून नेलेल्या लशीवर विसंबू नये. जिथे लशीचा वेगळा फ्रिज आहे आणि तापमानाची रोज नोंद होते अशाच ठिकाणी टोचून घ्या, कुपीवरची मुदत पाहा, कार्डावर बॅच क्रमांक लिहून मागा. हे मागायला संकोच करू नका.

‘लसीमुळे नागीण होते’

नागीण होते ती अंगात लपून राहिलेल्या याच विषाणूमुळे. खऱ्या कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो जन्मभर राहतो आणि अशा साधारण तिघांपैकी एकाला कधीतरी नागीण होते. लशीतला दुबळा केलेला, ओका नावाच्या वाणाचा विषाणूही लपून राहू शकतो, पण तो कमी वेळा डोकं वर काढतो. अमेरिकेत २००३ ते २०१४ या काळातल्या ६० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्या मुलांमध्ये नागीण न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी आढळली.

लस घेणाऱ्यांना नव्हे, तर आजूबाजूच्या मोठ्यांना नागीण वाढेल, ही शंका वेगळी. मोठ्यांची प्रतिकारशक्ती आजारी मुलांच्या संपर्काने ताजी राहते, या तर्काने ब्रिटनने ही लस कित्येक वर्षं सर्व मुलांसाठी घेतली नाही. अमेरिकेतल्या अनुभवात तशी वाढ दिसली नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीनेही सर्व मुलांना दोन डोस द्यावेत अशी शिफारस केली.

‘ज्या घरी आल्यात तिथे खेळायला पाठवा’

असं करू नका. एकाच घरात दिवसभर राहून झालेला संसर्ग बाहेर ओझरता झालेल्या संसर्गापेक्षा जोराचा असतो. लशीत विषाणू कमजोर केलेला आणि मोजून घातलेला असतो. इथे दोन्ही नसतं, आणि दोन आठवड्यांनी तो तुमच्या घरातून तिसऱ्याच्या घरी पोहोचतो, जिथे कोणी गरोदर असेल किंवा कॅन्सरवर उपचार घेत असेल.

मग लस कोणाला नको?

रक्ताचा कॅन्सर किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असलेलं मूल, निओमायसिन या प्रतिजैविकाची तीव्र अॅलर्जी असलेलं मूल आणि गरोदर स्त्री. नेफ्रोटिक सिंड्रोमसारख्या मूत्रपिंडाच्या आजारात दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल तर ते थांबल्यावर महिनाभर थांबावं. अशा मुलांना लशीची गरज जास्त असते, म्हणून वेळ विचारून घ्या. दम्याचा पंप आडवा येत नाही. सर्दी, किरकोळ ताप यानेही लांबवू नका. टोचल्यावर हात दुखणं, ताप, आणि शंभरात तीन ते पाच मुलांना महिनाभरात दोन-चार फोड, एवढं अपेक्षित आहे. घरात गरोदर बाई असली तरी मुलाला लस देता येते. तिला तिथून संसर्ग होणं अत्यंत दुर्मीळ आहे, तेही मुलाच्या अंगावर फोड आले तरच. ज्या बाईला मूल हवं आहे आणि कांजिण्या झाल्याचं आठवत नाही, तिने आधी रक्ततपासणी करून, गरज असल्यास लस घेऊन, दुसऱ्या डोसनंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी.

आणि बालवाडीतून ‘वर्गात कांजिण्या निघाल्या’ असा निरोप आला, मुलाने लस घेतलेली नसली, तर संपर्कानंतरचे तीन दिवस महत्त्वाचे. तेवढ्यात टोचली तर आजार टळतो किंवा सौम्य होतो, पाचव्या दिवसापर्यंतही थोडा उपयोग होतो. घरात लस घेता न येणारं कोणी असेल, म्हणजे कांजिण्या न झालेली गरोदर बाई, नवजात बाळ किंवा केमोथेरपी घेणारा माणूस, आणि त्यांचा रुग्णाशी संपर्क आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्यांच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन असतं, ते संपर्कानंतर जितकं लवकर मिळेल तितकं बरं आणि दहा दिवसांच्या आतच द्यावं लागतं.