चवळी कुणाची गेली? एका शेतकरी वाचकाला उत्तर

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या जिराफांवरच्या माझ्या लेखाखाली 'एक शेतकरी' या नावाने प्रतिक्रिया आली आहे: "आमचा हरभरा रोही खातात तेव्हा पंचनाम्याला कुणी फिरकत नाही. तुम्ही मात्र 'गावकऱ्यांनी जिराफांना आपलंसं केलं' असं गोड गोड लिहिता. एवढे प्यारे असतील तर कुंपण घालून अभयारण्यात ठेवा ना, गरिबाच्या शेतात कशाला?"

नमस्कार. ते वाक्य माझंच आहे आणि आळसात लिहिलेलं आहे. नायजरमधल्या कुरे परिसरात जिराफ शेतातली चवळी खातात, आंब्याच्या झाडांनाही तोंड लावतात. पाच मीटर उंचीच्या जनावराला कुठलं बुजगावणं अडवणार! तिथल्या माणसाने ते सहन केलं, एवढंच मला म्हणता आलं असतं. 'आपलंसं केलं' हे माझ्या पदरचं.

कुंपणाबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालतो.

कुरे हे राजधानी नियामेपासून साधारण ६० किलोमीटरवर. तिथल्या पठारावर झुडपांचे पट्टे आहेत, मध्ये उघडी टणक जमीन, पुन्हा झुडपं. वरून पाहिलं तर वाघाच्या अंगासारखं दिसतं, म्हणून नावच वाघझुडपं. उघड्या पट्ट्यावरचं पावसाचं पाणी वाहून खालच्या झुडपांत मुरतं आणि त्यावरच ती जगतात. पावसाळ्यात जिराफ इथे चरतात. पठार सुकलं की खाली दालोल बोसोच्या खोऱ्यात उतरतात, आणि ते खोरं म्हणजे शेतंच. बाजरीच्या रानात शेतकऱ्यांनी राखलेलं बाभळीच्या जातकुळीतलं एक झाड आहे, फेडर्बिया. त्याची तऱ्हा उलटी: पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणून खालच्या बाजरीला ऊन मिळतं, उन्हाळ्यात हिरवंगार होतं. नेमका तेव्हाच जिराफाला पाला हवा असतो. आता सांगा, कुंपण कुठे घालायचं? पठाराभोवती घातलं तर कोरड्या दिवसांत उपासमार, खोऱ्याभोवती घातलं तर शेतकरीच आत कोंडला.

आणि कुंपण सोडा, नुसत्या कागदावरच्या रेषेनं काय होतं ते आपण सोलापूर-नगरकडे पाहिलंच आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, गावं-शेतं सगळं धरून. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच अढी बसली. पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावं लागलं, पण तोवर माळढोक जवळजवळ संपला होता.

उलट कुरेला १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकी जिराफांपैकी फक्त ४९ उरले होते. जगात इतरत्र कुठेच नव्हते. आज ते सहाशेच्या वर आहेत, तेही बहुतांशी राखीव वनाबाहेर, माणसांच्या गुरांसोबत. तिथे सिंह उरलेले नाहीत, याचाही फायदा झाला. पण हा आकडा सरकारी कुंपणाने वाढलेला नाही. शिकार थांबली, गावातलीच पोरं वाटाडे झाली, पर्यटकांचे चार पैसे गावात आले, म्हणून चवळी गेली तरी कुणी भाला काढला नाही.

तुमचा मुद्दा खरा ठरतो तो इथेच. हे सगळं त्या चार पैशांवर टेकलेलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये कुरेला बंदूकधाऱ्यांनी आठ जणांना मारलं: सहा फ्रेंच मदत-कार्यकर्ते, त्यांचा चालक आणि वाटाडा. वाटाडा तिथल्या वाटाड्यांच्या संघटनेचा अध्यक्षच होता. त्यानंतर परदेशी पाहुणा कशाला येईल? जिराफ मात्र चरायला येतच राहिले. अशा वेळी चवळीचा हिशोब शेतकऱ्याच्याच खात्यात पडतो, आणि मूळ लेखात मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती.

शिवाय नियामेतल्या चुली अजून लाकडावर चालतात. पठारावरची झुडपं तुटून शहराकडे जातात. पट्टा तुटला की पाणी मुरत नाही, आणि पठारावर चारा नाही म्हणजे जिराफ खाली शेतात आणखी लवकर उतरणार. म्हणून मला विचाराल तर पहिला पैसा कुंपणावर नाही, शहरातल्या गॅसवर खर्च व्हायला हवा. दुसरा थेट चवळीच्या भरपाईवर, पंचनाम्याची वाट न पाहता.

तुमच्या 'अभयारण्यात ठेवा'लाही थोडा आधार आहे. २०१८ मध्ये आठ जिराफ ट्रकने सुमारे आठशे किलोमीटरवरच्या गदाबेजी राखीव क्षेत्रात नेले. तिथून ते पन्नासेक वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. पण सहाशेतले आठ! बाकीचे यंदाही पठार सुकलं की दालोल बोसोत उतरतील.

जाता जाता, तुमच्या हरभऱ्याचं काय झालं? पंचनामा झाला का?