संस्कृती भिंतीवर टांगावी

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, दोन लेथवर सुरू केलेला आपला कारखाना चाळीस माणसांचा झाला, की आपण नुसते मालक राहत नाही, 'नेतृत्व' बनता. आणि नेतृत्वाला कार्यसंस्कृती लागते. ती घडवण्यात वर्षे जातात. म्हणून रावपुऱ्यातून एक फलक करून आणावा, त्यावर 'चुकांतून शिकूया' असे चार रंगांत लिहवून घ्यावे आणि तो हजेरीच्या यंत्राच्या नेमका वर लावावा, म्हणजे पाच मिनिटांच्या उशिरापायी अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाताना कामगाराची नजर आपोआप त्याच्यावर जाईल.

शिकण्याचे काम अर्थातच इतरांचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपणही प्रशिक्षण सक्तीचे करावे, मात्र रविवारी ठेवावे आणि उद्घाटनाचे भाषण आटोपून स्वतः घरी जेवायला जावे. महाराजांचे शिक्षण मोफत होते. आपल्याकडेही कामगाराने रविवार मोफतच द्यावा.

संशोधन वाचल्यास वाचावे, पण जपून. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुकांच्या नोंदी कमी नव्हे, जास्त आढळल्या, कारण तिथे चूक सांगायला कोणी भीत नव्हते. असल्या गोष्टींनी विचलित होऊ नये. आपल्या रिजेक्शनच्या, म्हणजे बाद मालाच्या, वहीची पाने कोरी आहेत, आणि ऑडिटरला दाखवायला कोऱ्या पानासारखे सुबक काही नसते.

तरीही लेथवरचा एखादा जुना टर्नर, ट्रक भरला जात असताना, चिंधीने हात पुसत येतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, बुशचा बोअर मापापेक्षा मोठा येतोय. दोनदा गेज लावून पाहिला." ही आपल्या कसोटीची घटका. आधी घड्याळाकडे पाहावे, मग ड्रायव्हरकडे, आणि मग तीन पिढ्या बडोद्यात राहून आपल्या मराठीत पक्का मुरलेला तो गुजराती शब्द उच्चारावा : "चालशे."

माल हालोलच्या गिऱ्हाइकाकडून परत आला, की कारणमीमांसेची बैठक घ्यावी आणि सर्वांना सेव-उसळ मागवावी (तिखट, म्हणजे कोणी फार बोलत नाही). टोयोटात 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची रीत आहे. आपण तो एकदाच विचारावा, 'ऑपरेटरची चूक' हे उत्तर येताच इतिवृत्त बंद करावे. कारण दुसऱ्या 'का?'ला, "साहेब, आपणच चालशे म्हणालात," असे उत्तर येण्याचा संभव असतो, आणि इतिवृत्तात गुजराती शब्द बरा दिसत नाही.

पुढच्या लॉटला आपण फेरी मारून आपुलकीने विचाराल, "कसं येतंय काम?" टर्नर मान वर न करता, गेज पेटीतच ठेवून सांगेल, "बरोबर येतंय, साहेब."

वहीत शून्य मांडावे.