शीर बंद केली तर रक्त वर जाणार कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांच्या लेखात मी लेझरने शीर जाळून बंद करण्याची भलामण केली, पाय आवळणाऱ्या स्वस्त मोज्यांना मोडीत काढलं, आणि शीर जाळल्यावर पायातलं रक्त वर कसं जाणार ते सांगितलंच नाही, असं तुमचं म्हणणं. शिवाय काकूंचे मोजे चार महिन्यांत काचले, घसरले, आणि शिरा होत्या तशाच.

रक्ताचं राहून गेलं, मान्य. पायातलं सुमारे 90 टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून वर चढतं. कातडीखालून घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी शीर झडपा निकामी झाल्या की तेच रक्त पुन्हा खाली सोडते. ती बंद केल्याने पायाचं ओझं कमी होतं. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर बघावं लागतं, आणि तो पेशंटला उभं करून काढायला हवा. पोटरी दाबून सोडतात. रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गळतेय. रिपोर्टवर नुसतं 'डीव्हीटी (खोल शिरेत गुठळी) नाही' लिहिलं असेल तर काम अर्धंच झालंय.

आता मोजे. माप सकाळी, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी. संध्याकाळी बाड्यावरच्या बाजारात जाऊन सुजलेल्या पायावर घेतलेला मोजा सकाळी सैल होणार आणि घसरणार. मग वरची कड गुंडाळली जाते, ती दोरीसारखी आवळते आणि पाय तिच्याखाली आणखी सुजतो. काकूंना काचलं ते बहुधा यानेच. पावलं गार पडत असतील किंवा चालताना पोटरीत गोळा येत असेल, तर धमन्या तपासल्याशिवाय घट्ट मोजे नकोतच. आणि अगदी मापातला मोजासुद्धा झडप दुरुस्त करत नाही. काढला की गळती सुरू. ग्वाल्हेरच्या 45 अंशांत तो दिवसभर कोण घालणार, हा आणखी वेगळा प्रश्न. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2013 मध्ये क्रम लावला तो असा: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फोम (शिरेत टोचायचं फेसाळ औषध), मग शस्त्रक्रिया. मोजे यातलं काहीच जमत नसेल तेव्हा.

'जाळणं' हा शब्द भीतीदायक आहे खरा. रेडिओफ्रीक्वेन्सीत (लेझरसारखीच उष्णतेने शीर बंद करायची पद्धत) गुडघ्याजवळून सुईने नळी शिरेत सरकवतात आणि ही शीर जांघेत खोल शिरेला जिथे मिळते त्या जोडाच्या 2 सेंटिमीटर अलीकडे टोक थांबवतात. मग शिरेभोवती भुलीचं औषध मिसळलेलं सलाईन भरतात. खरी कारागिरी इथे. त्याने दुखत नाही, शीर नळीवर आवळून बसते, आणि कातडी व नस (मज्जातंतू) उष्णतेपासून लांब राहतात. सलाईन कमी पडलं की कातडी भाजते किंवा पाय बधिर राहतो. गुडघ्याखाली नस शिरेला चिकटूनच असते, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. त्यानंतर 7 सेंटिमीटरचा एकेक तुकडा 120 अंशांवर 20 सेकंद. पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो.

फोममध्ये एक भाग औषध आणि चार भाग हवा दोन सिरिंजांत घुसळतात. वेड्यावाकड्या शिरांना ते बरं, पण मोठी शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त, आणि तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहू शकतात.

खर्चाचं तुमचं खरं आहे. नुसत्या निळ्या जाळ्या असतील, दुखणं-सूज नसेल, तर एक पैसाही घालवू नका. पण घोट्यावरची कातडी काळपट, कडक होऊन खाजत असेल तर थांबू नका, पुढे तिथेच जखम होते. काकूंच्या घोट्याची कातडी कशी आहे, आणि त्यांचा डॉप्लर उभ्याने झालाय का, तेवढं कळवा.