रँडम हाऊसमधल्या मॉरिसनबाई

अमेरिकी कृष्णवर्णीय कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात नोबेल येतं, गुलामगिरी येते, ‘बिलव्हेड’ ही कादंबरी तर येतेच. त्यांची नोकरी मात्र एका वाक्यात उरकतात. मला हे फार खटकतं. रँडम हाऊस या बड्या प्रकाशनसंस्थेतली संपादकाची खुर्ची बाजूला ठेवली, तर बाईंच्या कादंबऱ्याही अर्ध्याच कळतात असं माझं ठाम मत आहे.

जन्म १९३१ चा, ओहायोतल्या लोरेन या पोलाद कारखान्यांच्या गावातला. पाळण्यातलं नाव क्लोई वॉफर्ड. वडील वेल्डर. मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना भाडं थकलं म्हणून घरमालकानं माणसं आत असताना घर पेटवलं. भाडं किती, तर महिन्याला चार डॉलर. आईवडील त्यावर चक्क हसले, असं बाई पुढे मुलाखतींत सांगायच्या. असल्या माणसापुढे आपण मोडून पडायचं नाही, हा त्या हसण्याचा अर्थ त्यांनी लावला होता. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं इतकं सोसूनही कुणाच्या दयेची वाट का बघत नाहीत, हे मला इथे समजतं.

पुढे हॉवर्ड विद्यापीठ, कॉर्नेलमधून एम. ए., प्राध्यापकी, लग्न, १९६४ मध्ये घटस्फोट. दोन लहान मुलांना घेऊन त्या आधी सिरॅक्यूजमध्ये पाठ्यपुस्तकांच्या संपादनाला लागल्या आणि तिथून न्यूयॉर्कला रँडम हाऊसमध्ये आल्या. तिथल्या कथा-कादंबरी विभागातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वरिष्ठ संपादक. मुलं झोपली की किंवा उजाडायच्या आत स्वतःचं लिहायचं. ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० मध्ये आली तेव्हा बाई ३९ वर्षांच्या होत्या. आणि ती आली दुसऱ्याच प्रकाशकाकडून! आपण लिहितो हे त्यांनी ऑफिसात सांगितलंच नव्हतं.

आता त्या टेबलावरून काय काय बाहेर पडलं ते बघा. खटल्यातून निर्दोष सुटलेल्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांना तिशीच्या आत आत्मचरित्र लिहायला राजी केलं ते बाईंनी. मुहम्मद अली यांचं आत्मचरित्र त्यांच्या हाताखालून गेलं. गेल जोन्स यांची पहिली कादंबरी त्यांनीच काढली. हेन्री ड्युमास या कवी-कथाकाराला १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्टेशनात पोलिसानं गोळी घालून मारलं होतं. त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर बाईंनी मोठ्या प्रकाशनाच्या शिक्क्यासह वाचकांपर्यंत नेलं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला संपादक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण मॉरिसनबाईंना त्याच्याही आधीचं काम करावं लागलं. हे लिहिणारे ज्या दारापर्यंत पोचतच नव्हते, ते दार आतून उघडायचं काम.

आणि ‘द ब्लॅक बुक’. १९७४ चं हे पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या तीनशे वर्षांचं बाड आहे: गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती, पेटंटची कागदपत्रं, फोटो, गाणी, वर्तमानपत्रांची कात्रणं. संग्राहकांनी आयुष्यभर जमवलेला हा ऐवज बाईंनी पुस्तकात बसवला, मुखपृष्ठावर स्वतःचं नावही न घालता. त्यातच १८५६ चं एक कात्रण होतं, मार्गारेट गार्नरबद्दलचं. ही गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलाबाळांसह सिनसिनाटीला पळाली. पकडणारे दाराशी आले तेव्हा मुलं पुन्हा गुलामगिरीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या चिमुरडीचा गळा चिरला. पुढे वाद कशाचा झाला? तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा, की ती मालकाची मालमत्ता म्हणून परत पाठवायची याचा. परत पाठवली.

याच कात्रणातून १९८७ ची ‘बिलव्हेड’ उभी राहिली. म्हणून नोकरीनं बाईंचा लिहिण्याचा वेळ खाल्ला, नोकरी सुटली तेव्हा कुठे त्या खऱ्या लेखिका झाल्या, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. १९८३ मध्ये रँडम हाऊस सोडण्याआधी त्यांच्या चार कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या. त्यांतली ‘साँग ऑफ सॉलोमन’ तर मला ‘बिलव्हेड’च्या तोडीची वाटते.

‘बिलव्हेड’ला त्या वर्षीचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं नाही. तेव्हा ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये सहीनिशी निवेदन छापलं. काहींनी त्याला दबावतंत्र म्हटलं. मला त्यात कृतज्ञता दिसते. काही महिन्यांनी पुलित्झर मिळालं, १९९३ मध्ये नोबेल. साहित्याचं नोबेल मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

पण मला सगळ्यात मोठ्या वाटतात त्या नोबेलनंतरच्या मॉरिसन. त्यांची लेखिका मैत्रीण टोनी केड बाम्बारा १९९५ मध्ये कर्करोगानं गेली. अटलांटात १९७९ ते ८१ या काळात काळ्या मुलांचे खून झाले होते. त्यावरच्या बाम्बाराच्या कादंबरीचं अवाढव्य हस्तलिखित मागे राहिलं होतं. नोबेल मिळालेली, प्रिन्स्टनमध्ये शिकवणारी ही बाई ते पुढ्यात घेऊन बसली, कापत, जुळवत, मैत्रिणीचा आवाज सांभाळत. १९९९ मध्ये ती कादंबरी आली, लेखिका म्हणून फक्त बाम्बाराचं नाव घेऊन. आपल्या कीर्तीच्या ऐन भरात दुसऱ्याच्या पानांवर इतका वेळ घालवणारे लेखक जगात किती असतील?

मॉरिसनबाई २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, ८८ व्या वर्षी. ज्यांनी त्यांचं काहीच वाचलेलं नाही त्यांनी एकदम ‘बिलव्हेड’ला हात घालू नये असं मला वाटतं. तिच्यातला काळ तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि नवा वाचक गोंधळतो. आधी ‘द ब्लूएस्ट आय’ घ्या, मग ‘सुला’. दोन्ही छोट्या आहेत. ‘बिलव्हेड’ त्यानंतर. आणि मधेच कधीतरी बाम्बाराच्या नाहीतर ड्युमासच्या कथा मिळवून वाचा. त्याही मॉरिसनबाईंच्याच कामाचा भाग आहेत.