नुसत्या गप्पांचे पैसे?

महिनाभरात एकच मेसेज मला सात ग्रुपांवर आला, त्यातले दोन ग्रुप घरच्यांचे. म्हणणं असं: पोरांना डिप्रेशन-बिप्रेशन काही नसतं, लाडानं बिघडलीत, हे डॉक्टर नुसत्या गप्पांचे पैसे घेतात, नाहीतर गोळ्या देऊन लेकरू झोपवून ठेवतात, आणि एकदा यांच्या दारात गेलं की जन्माचा शिक्का. मी त्याच दाराआड बसतो, लातूरला. बालमनोविकारतज्ज्ञ आहे.

आधी लाडाचं बघू. दिवाळी झाली की आमच्या भागातले कितीतरी आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, लेकरं आजीपाशी राहतात. असाच एक नऊ वर्षांचा पोरगा आला. आजीच्या पिशवीत दोन सोनोग्राफ्या आणि रक्ताचे रिपोर्ट, सगळे नॉर्मल. "रोज सकाळी पोट दुखायलंय म्हणतंय बघा." याचे लाड करायला घरात होतं कोण?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के निघालं. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चारेक जण.

आता गप्पा. पोट दुखणाऱ्या त्या पोराला मी घर काढायला सांगितलं. त्यानं आधी ट्रॅक्टर काढला, मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीत दोन माणसं. घर नंतर, आणि कोपऱ्यात बोटाएवढी आजी. रविवारी दुखतं का? नाही. सुट्टीत? नाही. शाळेत गेल्यावर कशाची आठवण येते? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आजी पडली तर?" त्याचं दुखणं ढोंग नव्हतं. भीतीनं आतडी खरोखर आवळतात, परीक्षेच्या सकाळी कुणालाही विचारा. ठरलं ते एवढंच: रात्री आठला आईचा फोन, शेजारच्या काकूंची दुपारी घरी एक चक्कर, आणि पहिला आठवडा अर्धाच दिवस शाळा. गोळी एकही नाही. कधी काय विचारायचं आणि कधी गप्प बसायचं, हे शिकायला एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी आणि वर आणखी तीन वर्षं डीएम असा अभ्यासक्रम आहे.

कोचिंगसाठी इथं खोली करून राहणाऱ्या पोरांना मी मरणाच्या विचारांबद्दलही सरळ विचारतो. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. उलट, हे कुणीतरी विचारलं म्हणून बरीच जण पहिल्यांदा बोलतात.

गोळ्या कधीकधी लागतात. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या आजाराचं, मिथिलफेनिडेट हे औषध झोपवत नाही, उलट संध्याकाळी दिलं तर झोप उडते. भूक कमी होते, म्हणून वजन-उंची दर वेळी मोजतो. नैराश्यावर फ्लुऑक्सेटिन दिलं तर सुरुवातीचे आठवडे पोरावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, क्वचित मरणाचे विचार वाढू शकतात. हे आम्ही पालकांना आधीच सांगतो.

शिक्क्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, शाळेनं मागितली म्हणून फाइल देता येत नाही. बाकी गावाच्या नजरेला कायदा पुरत नाही, तेवढं मेसेजवाल्याचं खरं. मागे एक बाई पोरीला घेऊन आली. वेटिंगमध्ये ओळखीचं माणूस दिसलं, तशी शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन पाऊण तास बसली. माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिथलं टोकन तिच्या मुठीत तसंच होतं.