पर्यायी क्रमांक

धायरीतल्या आमच्या इमारतीत फायबरची केबल आणायला सोसायटीच्या चेअरमनांचा विरोध आहे, कारण गच्चीवरून लोंबणाऱ्या तारा त्यांना पाहवत नाहीत; त्यामुळे घरातले सगळे इंटरनेट एका सिमवर चालणाऱ्या राउटरच्या जिवावर आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी अत्यंत मुद्देसूद बोलत असताना त्या सिमची रेंज गेली, माझे मुद्दे कुणाच्याही कानी न पडता संपले आणि बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीचे एक सिम घरात असावे, असे ठरले.

1 जानेवारी 2024 पासून सिमसाठीचे कागदी अर्ज बंद झाले आहेत. फोटो चिकटवून त्यावर आडवी सही ठोकली की काम भागत असे, ते दिवस गेले. आता दुकानदाराने आपल्याच मोबाइलवर गिऱ्हाइकाचा ताजा फोटो काढायचा, आणि माणूस जिवंत असल्याची ॲपची खात्री पटेपर्यंत गिऱ्हाइकाने डोळे मिचकावत राहायचे. पांढरी भिंत दुकानाच्या बाहेरच्या अंगाला असल्याने हा विधी मला भर चौकाकडे तोंड करून उरकावा लागला. आमच्या शेजारच्या वहिनी नेमक्या त्याच वेळी भाजी घेऊन समोरून गेल्या. त्यांनी पाहिले, मान वळवली आणि चालण्याचा वेग वाढवला. हे त्यांना कसे समजावून सांगावे, याचा विचार मी अजून करतो आहे.

“आता अल्टरनेट नंबर सांगा सर, त्यावर ओटीपी जाईल,” दुकानातला मुलगा म्हणाला.

माझा नंबर त्याच रेंज गेलेल्या कंपनीचा, घरातले बाकीचे नंबरही तिचेच. रेंज नाही म्हणून मी सिम घ्यायला आलो होतो आणि रेंज नाही म्हणून सिम मिळत नव्हते. “मग दुसऱ्या कुणाचा तरी द्या,” असे म्हणून मुलाने स्टुलावर बसलेल्या एका काकांकडे पाहिले. काका रिचार्ज मारायला आले होते. त्यांचा बटणांचा फोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीला रबरबँड होते. त्यांनी रबरबँड काढून मनगटात घातले, पिशवीची घडी करून खिशात ठेवली, चष्मा लावला आणि स्वतःचा नंबर अगदी उदारपणे सांगितला. फोन वाजला. काकांनी मेसेज वाचला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“आला का ओटीपी, काका?” मी विचारले.

“आला.”

“सांगता का?”

“नाही. खालीच लिहिलंय, कुणालाही सांगू नये.”

“पण तो माझ्याच कामासाठी आला आहे.”

“असंच म्हणतात सगळे. माझ्या साडूला ज्याचा फोन आला होता ना, तोही बोलायला तुमच्यासारखाच सभ्य होता.”

फोन लावला की घंटी वाजण्याआधी सायबर फसवणुकीची जी सूचना ऐकवली जात असे, ती ऐकून सगळा देश वैतागला होता. ती मनापासून ऐकून घेणारा नागरिक त्या स्टुलावर बसला होता. पहिल्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. मधल्या वेळात काकांनी मी कुठे काम करतो, घर स्वतःचे की भाड्याचे, मूळ गाव कोणते, हे सगळे काढून घेतले. स्वतःची माहिती देण्याच्या बाबतीत इतका सावध असलेला माणूस दुसऱ्याची माहिती घेताना मात्र अजिबात संकोचत नव्हता.

“घरात एक चालू असताना दुसरं कशाला?”

“बॅकअप म्हणून.”

“म्हणजे पहिल्यावर विश्वास नाही,” काका म्हणाले आणि त्यांनी मुलाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले.

शेवटी तोडगा काकांनीच काढला. त्यांनी एका जुन्या पावतीमागे ओटीपी लिहिला, तो तळहाताने झाकला आणि मुलाला जवळ बोलावून बोटांच्या फटीतून दाखवला. “यांना दिसता कामा नये,” असे बजावायलाही ते विसरले नाहीत. नंतर पावतीचे बारीक तुकडे करून ते त्यांनी स्वतःच्या खिशात टाकले. मी आभार मानले, त्यांनी ते संशयाने स्वीकारले.

सिम संध्याकाळी सुरू झाले. पुढच्या गुरुवारी, म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीच्या लाडक्या वारी, सकाळी लाईट गेली. माझा राउटर छोट्या यूपीएसवर दिमाखात चालू होता, पण दुपारपर्यंत दोन्ही सिमांची रेंज गेली. मुलाला विचारले तर तो हसून म्हणाला, “सर, दोघांचा टॉवर एकच आहे ना, लाँड्रीच्या बिल्डिंगवरचा.” कंपन्यांचे अँटेने वेगवेगळे असतात, पण टॉवर भाड्याचा आणि वीज, बॅटऱ्या सामाईक, बॅटऱ्या उतरल्या की दोघीही एकदम गप्प. म्हणजे दोन दोऱ्यांचे पैसे मी मोजतो आहे आणि खुंटी एकच आहे. हे सिम विकताना सांगायला काय हरकत होती? आता या न वापरल्या जाणाऱ्या सिमलाही दर 28 दिवसांनी रिचार्ज घालायचा. किमान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा, असे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2022 मध्येच कंपन्यांना सांगितले, तरी दुकानातल्या तक्त्यावर ठळक अक्षरांत 28 दिवसच आहेत. अशाने वर्षाला 13 रिचार्ज होतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आम्ही आता दरवर्षी आगाऊ भरतो. रोजच्या दीड जीबीतला न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो, तो वेगळाच.

“तिसऱ्या कंपनीचा टॉवर टेकडीकडे आहे,” मुलाने सुचवले. “एका नावावर 9 सिमं चालतात, सर.”

काल दूध घ्यायला गेलो तर काकांनी मला हाक मारून थांबवले. नव्या कंपनीने पर्यायी क्रमांकावर, म्हणजे त्यांना, फोन करून प्लॅन वाढवायचा का असे विचारले होते. “मी सरळ सांगितलं, असल्या कुणाला मी ओळखत नाही,” काका म्हणाले. “बरोबर केलं ना?”