खरा घात निकने केला

अ‍ॅलन कारला सगळे दगाबाज म्हणतायत, पण २०२५ च्या ब्रिटनच्या सेलिब्रिटी ट्रेटर्स ह्या टीव्ही शोमध्ये (काही सेलिब्रिटी लपलेले दगाबाज असतात, ते एकेकाचा खोटाखोटा 'खून' करून त्याला खेळातून काढतात, आणि सगळे मिळून मतं टाकून संशयिताला बाहेर घालवतात) त्याला कामच ते दिलं होतं ना! पॅलोमा फेथ एवढी मैत्रीण, तरी पहिला बळी तिचाच घेतला, पण तो खेळच तसा आहे. मला राग आलाय तो दगाबाज नसलेल्या निक मोहम्मदचा. दुसरा खेळाडू जो मार्लर ह्याने अ‍ॅलनला बरोब्बर हेरलं होतं, निकशी त्याचं शेवटपर्यंत सोबत राहायचं ठरलेलं, आणि ऐन वेळी ह्या पठ्ठ्याने मत टाकलं ते जोच्याच विरोधात! दुसरी दगाबाज कॅट बर्न्स पकडली गेली तेव्हा तरी नीट विचार करायचा होता रे. अ‍ॅलनने चॅरिटीसाठी ८७,५०० पौंड जिंकले, कबुली देताना रडला तेव्हा मलाही भरून आलं, पण जोसाठी अजून जीव हळहळतो.